१/१४ पोकलेन मॉडेलला स्क्रू घालू का हायड्रॉलिक? खानापूरच्या मातीत खणायचंय

लालमाती (खानापूर)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, १/१४ स्केलचा पोकलेन बनवायलोय, २० टनी मशीन डोळ्यापुढं ठेवून. खालची चेसिस आणि स्टीलचे ट्रॅक झालेत, बूम (बुडाचा मोठा हात) आणि आर्मच्या (त्याच्या पुढचा हात) प्लेटा २ मिमी शीटमधनं लेसरवर कापून आणल्या आणि घरीच वेल्डिंग मारून जोडल्या, स्विंगचं बेअरिंग बसलं, मधे स्लिप रिंग घातली म्हणजे वरचा भाग कितीबी गोल फिरला तरी ट्रॅकच्या मोटरींच्या वायरी पिळ पडून तुटणार नाहीत. बॅटरी धरून वजन १२ किलोच्या घरात जाईल. आता सगळं अडलंय ते सिलिंडरवर.

दिवाळीत आमच्या गल्लीत पोरं किल्ला करतात, बेळगाव-खानापूर भागात किल्ल्याचं वेड किती आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तर किल्ल्याची माती ह्या मशीननंच उकरायची, तटाखालचा खंदक पण ह्यानंच काढायचा असं पोरांनी ठरवून टाकलंय, आणि त्यांच्यापेक्षा हौस मलाच जास्त आहे. भाच्याकडं तयार मिळणारं प्लॅस्टिकचं मशीन आहे, वाळूच्या ढिगात झकास चालतं, खरं आमच्या लाल मातीत दात टेकले की बूम नुसता थरथरतो आणि आतली गिअरं कटकट करायला लागतात. आमच्या मातीत जांभ्याचे खडे पण लई.

यूट्यूबवर बघावं तर बाहेरची मंडळी पंप, व्हॉल्व्ह ब्लॉक, बारीक नळ्या असं अस्सल हायड्रॉलिक घालतात, बघायला लई भारी. दुसरीकडं सिलिंडरच्या नळीतच मोटर आणि स्क्रू लपवलेले ॲक्च्युएटर, तेल नाही, गळती नाही, चार वायरी जोडल्या की झालं. ताकद कशात जास्त, टिकतं काय, आणि बेळगावात मिळणाऱ्या सामानात काय होण्यासारखं आहे? बूमच्या सिलिंडरचा स्ट्रोक (रॉड बाहेर यायचं अंतर) मला ९५ मिमी लागतोय. ज्यांनी हातानं केलंय त्यांनी सांगा की.

उद्यमबाग_फिटर (बेळगाव)

भावा, एक नंबर काम करायलास, फोटो टाक आधी.

मी उद्यमबागेत हायड्रॉलिकच्याच लायनीत आहे, दिवसभर व्हॉल्व्ह टेस्टिंग बेंचवर असतो, त्यामुळं माझं मत कुठल्या बाजूला झुकणार ते तुला कळेलच, तरी हिशोब देतो, तूच बघ.

१२ मिमी बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, सिलिंडर घे. पिस्टनचं क्षेत्रफळ ११३ चौ. मिमी. मॉडेलमधी ३० बार प्रेशर आरामात चालतं, म्हणजे ढकलायची ताकद ३३९ न्यूटन, साधारण साडेचौतीस किलो. रॉड ६ मिमीचा धरला तर ओढताना रॉडची जागा वजा होते, तिथं २५४ न्यूटन, म्हणजे २६ किलो. बूमला असले दोन लागणार, म्हणजे ६९ किलो. आणि हे सगळं बोटाएवढ्या नळीतनं. १६ मिमी बोअर घेतलास तर एकट्याचे ६१ किलो होतात, खरं एवढं तुला लागणार नाही.

आता पंप. खऱ्या मशीनचा बूम वर जायला तीनेक सेकंद लागतात, तसाच तुझा ९५ मिमी स्ट्रोक तीन सेकंदात व्हायचा असेल तर सेकंदाला ३२ मिमी. दोन बूम सिलिंडर आणि एक आर्म एकाच वेळी चालवला तर मिनिटाला साधारण ६५० सीसी तेल लागतंय. ३० बारला ६५० सीसी म्हणजे साडेबत्तीस वॅट. बारक्या गिअर पंपाची एफिशियन्सी निम्मीच धर, मग मोटरला ६५ वॅट. तीन सेलची लिपो बॅटरी आणि एक ब्रशलेस मोटर हे सहज ओढते. पंप सगळ्यांना मिळून एकच, मोटर एकच, ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) एकच, बाकी प्रत्येक स्पूलला (व्हॉल्व्हमधली तेलाची वाट बदलणारी सरकती दांडी) एक बारका सर्व्हो. लिव्हर हलवली तरच पंपाचा स्पीड वाढतो असं रिमोटमधी मिक्सिंग करायचं, नाहीतर तेल उगीच फिरत बसतं आणि तापतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट रिलीफ व्हॉल्व्ह. जांभ्याचा खडा लागला, बकेट अडकली, पोरानं लिव्हर दाबूनच धरली, काय होतं? प्रेशर ३० बारला गेलं, रिलीफ उघडला, तेल टँकमधी परत. काय मोडत नाही, काय जळत नाही, पंपाचा आवाज तेवढा जड होतो आणि पोराला कळतं की आता सोडायला पाहिजे. स्क्रूमधी ह्या जागी काय आहे ते विचार आधी.

खरं हायड्रॉलिकचा त्रास पण सांगतो, लपवत नाही. घाण. स्पूल आणि बॉडीमधला क्लिअरन्स काही मायक्रॉनचा असतो, त्यात लेथचा एक बारीक किस गेला तर स्पूल तिथंच चिकटला. माझ्या मित्रानं एका ऑनलाइन विक्रेत्याकडनं तयार व्हॉल्व्ह ब्लॉक मागवलेला, आतल्या आडव्या भोकांच्या कडांना बर (ड्रिलनं उरलेली धातूची धार) तसाच राहिलेला, पहिल्या तासाभरात तोच बर सुटून दोन स्पूल जाम. म्हणून ब्लॉक कुणाकडनं पण घे, जोडायच्या आधी खोलून बघ, भोकात टॉर्च मारून बघ, रॉकेलनं धू, हवा मार, मगच जोड. टँकच्या रिटर्नला बारीक फिल्टर पाहिजेच. तेल कारखान्यातलं ४६, ६८ नंबर घालू नको, एवढ्या बारक्या नळीत ते जड पडतं, मॉडेलला १० किंवा २२ नंबरचं पातळ तेल लागतं. आणि टँकला वर श्वास घ्यायला बारीक भोक ठेव. रॉड आत-बाहेर झाला की टँकमधलं तेल खाली-वर होतं, तुझ्या एका सिलिंडरचा रॉड जवळजवळ पावणेतीन सीसी जागा घेतो, चारांचे मिळून ११ सीसी धर, टँक गच्च बंद असेल तर पंप तेल ओढायच्या ऐवजी हवेशी कुस्ती खेळत बसतो.

ओ-रिंग, सील, होनिंग केलेली नळी, रॉडला हार्ड क्रोम, ही सगळी कामं बेळगावात होतात, अख्ख्या देशात कमी गावं असतील जिथं हे सगळं चालत जायच्या अंतरावर मिळतं. हे सोडून चिनी स्क्रू कशाला लावतोस?

हलता_देखावा (निपाणी)

फिटर दादांचा मान राखून सांगतो, मी दुसऱ्या बाजूचा.

आमच्या मंडळाचे गणपतीतले हलते देखावे मी करतो, मान हलवणारा, हात वर करणारा, पायऱ्या चढणारा, जे लागेल ते. संध्याकाळी सातला चालू केलं की रात्री गर्दी हटेपर्यंत थांबायचं नाही, आणि मूर्तीवर, मखरावर तेलाचा एक थेंब पडलेला चालत नाही. तिथं आम्ही स्क्रूच वापरतो. १२ व्होल्टची गिअरमोटर, ८ मिमीचा २ मिमी लीडचा (एका फेरीत नट २ मिमी सरकतो) ट्रॅपेझॉइडल स्क्रू (थ्रीडी प्रिंटरला मिळतो तोच), पितळी नट. करंट बंद केला की हात आहे तिथंच राहतो, रात्री लाईट गेली तरी राक्षसाचा हात खाली पडत नाही. हायड्रॉलिकमधी हे नाही, दादांनी ह्यावर काय लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. गाडीच्या डिकीतला स्क्रू जॅक लावून गाडी रात्रभर उभी केली तर सकाळी तेवढ्याच उंचीला असते, बाटली जॅकवर ठेवली तर बारीक बारीक खाली बसलेली असते. स्पूलमधनं तेल झिरपतंच. तुझा पोकलेन बूम वर करून कपाटावर ठेवलास तर सकाळी बकेट फळीला टेकलेली दिसणार.

ताकदीचं म्हणशील तर स्क्रू काय कमी नाही. ०.३ न्यूटन मीटर टॉर्कची बारकी गिअरमोटर, २ मिमी लीड, एफिशियन्सी ३० टक्केच धरली तरी २८० न्यूटनच्या वर जातंय, म्हणजे २८-२९ किलो. दादांच्या साडेचौतीसपासनं फार लांब नाही.

फक्त दोन्ही टोकाला मायक्रोस्विच लावायचे आणि प्रत्येकावर एक डायोड उलटा, म्हणजे टोकाला गेल्यावर त्या दिशेनं करंट तुटतो आणि उलट दिशेनं मात्र चालतो. स्विच नसेल तर नट टोकाला जाऊन असा आवळून बसतो की मोटर उलट फिरवूनपण सुटत नाही, पाना लावूनच सोडवायला लागतं. ग्रीस पांढरं लिथियम, थोडंच. माती असेल तिथं स्क्रूवर रबरी बेलो चढव किंवा रॉडच्या तोंडाला फेल्ट वॉशर दे.

आणि पोरं चालवणार म्हणतोस. ३० बारच्या नळीला सुईएवढं भोक पडलं तर तेलाची पिचकारी डोळ्याला लागू शकते. विचार कर.

लालमाती (खानापूर)

दोघांचेही आभार, एवढं लिहिलंत. ताकदीचा आकडा दोन्हीकडं जवळजवळ सारखाच दिसायलाय, मग प्लॅस्टिकच्या मशीनचं नेमकं कुठं अडायलंय? वाळूत चालतं आणि मातीत नाही असं का? जास्त ताकदीची मोटर घातली की भागेल काय?

गडहिंग्लज_लेथ (गडहिंग्लज)

चांगला प्रश्न विचारलास, कारण ताकदीच्या मागं लागून बरेच जण फसतात.

मशीन १४ पट लहान केलं म्हणजे वजन १४ गुणिले १४ गुणिले १४, म्हणजे २७४४ पट कमी होतं. २० टनाला २७४४ नं भाग, सव्वासात किलो येतं. खऱ्याची बकेट ०.९ घनमीटर, तुझी होणार साधारण ३३० मिली, माती भरल्यावर अर्धा किलो. इथपर्यंत सगळं प्रमाणात. खरं माती लहान होत नाही. वाळूचे दाणे एकमेकाला धरून नसतात, वाळूत लागणारा जोर हा उचलायच्या वाळूच्या वजनावर असतो, तो पण २७४४ पट कमी होतो, म्हणून खेळण्यातलं मशीन पण वाळूत राजा. लाल माती, काळी माती चिकटून धरते, आणि तो चिकटपणा तोडायला लागणारा जोर कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळावर असतो, तो फक्त १९६ पट कमी होतो. म्हणजे आपल्या वजनाच्या मानानं बघितलं तर तुझ्या मशीनला तीच माती खऱ्या पोकलेनपेक्षा १४ पट घट्ट लागते. त्यात दिवाळीच्या वेळी खानापूरची माती पावसानं मुरलेली असते.

आता ताकद वाढवलीस तर काय होईल? बकेटच्या लिंकमधी सिलिंडरच्या जोराचा चौथा-पाचवा हिस्सा दातावर पोचतो. साडेचौतीस किलोचे दातावर सात-आठ किलो. तुझं मशीन १२ किलोचं, आर्म लांब पसरून एवढा जोर लावलास तर दात मातीत घुसायच्या आधी मागचे ट्रॅक हवेत. म्हणजे ३० किलोचा सिलिंडर झाला की त्यापुढची ताकद वाया. पैसे घालायचेच असतील तर काउंटरवेटमधी शिसं घाल आणि बकेटचे दात अरुंद, टोकदार कर, पाच रुंद दातांपेक्षा तीन बारीक दात ह्या मातीत जास्त कामाचे.

मग राहिला प्रश्न दगड लागल्यावर काय होतं ह्याचा. फिटर दादांनी तो बरोबर पकडलाय. स्क्रूमधी मोटरचा रोटर मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांनी फिरत असतो, पुढं गिअरबॉक्स, पुढं स्क्रू. खडा लागला की बकेट जागच्या जागी थांबते, खरं रोटर थांबायला तयार नसतो, त्याच्यात साठलेला सगळा जोर गिअरच्या दातांवर येतो. ते कटकट ऐकलंस ना, ते तेच. मोटर मोठी घातलीस तर रोटर अजून जड आणि गिअर अजून लवकर जाणार.

ह्याला इलाज आहे आणि तो कारखान्यातल्या स्क्रूवर पण करतात. स्क्रूच्या मागं थ्रस्ट बेअरिंग, एक नाही दोन, ढकलताना एक आणि ओढताना दुसरं, मधे कॉलर. स्क्रूचं टोक ६ मिमीला टर्न करून एफ६-१२एम चालतं, ६ आतला, १२ बाहेरचा, साडेचार जाड. त्या बेअरिंगच्या मागं डिस्क स्प्रिंगच्या (बशीसारख्या वाकलेल्या स्प्रिंग-चकत्या) दोन-तीन जोड्या समोरासमोर तोंड करून ठेवायच्या. धक्का बसला की अख्खा स्क्रू अर्धा-पाऊण मिमी मागं सरतो आणि तेवढ्यात ईएससीचं करंट लिमिट मोटर बंद करतं. मोटर आणि स्क्रूमधी ओल्डहॅम कपलिंग, म्हणजे आडवा-उभा ताण मोटरच्या शाफ्टवर जात नाही. हे एवढं केलं की स्क्रू ॲक्च्युएटर दगडाला भीत नाही. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बारक्या ॲक्च्युएटरमधी हे नसतं, सगळा दाब थेट गिअरबॉक्सच्या शेवटच्या चाकावर घेतात, म्हणून लोक म्हणतात स्क्रू टिकत नाही.

स्पीडचं पण बघ. सेकंदाला ३२ मिमी पाहिजे असेल तर २ मिमी लीडला स्क्रू मिनिटाला ९६० फेऱ्या फिरवायला लागणार, पितळी नट तापतो आणि झिजतो. ८ मिमी लीडचा घेतलास तर २४० फेऱ्यांत काम, एफिशियन्सीपण दुपटीच्या जवळ, खरं तो लॉक होत नाही, मोटर सोडली की बूम आपोआप खाली. ४ मिमी लीड बरोबर कडेवर बसतो, गिअरबॉक्सच्या ओढीनं बहुतेक वेळा थांबतो. मी असतो तर आर्म-बकेटला ४, बूमला २ आणि बूमचा स्पीड निम्म्यावर आणला असता. मॉडेलमधी बूम जरा सावकाश चाललेला दिसायला पण बरा दिसतो. नट पितळेपेक्षा गनमेटलचा कर, एका टर्नरचं अर्ध्या तासाचं काम आहे, आपल्याकडं फौंड्रीवाल्यांकडं तुकडा सहज मिळतो.

सव्वाशे_बार (धारवाड)

मी मेकॅनिकल शिकायलोय, मधेच बोलतो. स्क्रू म्हणजे खेळणं असं कुणाला वाटत असेल तर बॉबकॅटनं जानेवारी २०२२ मधी लास वेगासच्या सीईएस ह्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात टी७एक्स नावाचा लोडर दाखवला, त्यात कामाचं हायड्रॉलिक पूर्ण काढून टाकलंय, बूम आणि बकेटला इलेक्ट्रिक सिलिंडर आहेत, आत बॉल स्क्रू (नट आणि स्क्रूमधी गोळ्या फिरणारा), मूग कंपनीबरोबर केलेलं काम. म्हणजे पूर्ण मापाच्या मशीनमधी पण हे चालतं. बॉल स्क्रूची एफिशियन्सी ९० टक्क्यांच्या आसपास असते, ट्रॅपेझॉइडलच्या दुप्पट-तिप्पट, त्यामुळं बॅटरी जास्त पुरते. फक्त बॉल स्क्रू अजिबात लॉक होत नाही, त्याला ब्रेक लागतोच, आणि धूळ गेली की गोळ्या खराब. लालमाती दादांच्या कामाला महाग पडेल असं वाटतंय, खरं दिशा ती आहे.

आमच्या धारवाडातच टाटा हिताचीचा कारखाना आहे, तिथनं बाहेर पडणारी मशीनं ट्रेलरवर बघत मोठा झालोय, तरी मला इलेक्ट्रिकचं जास्त वाटतं. आवाज नाही, वास नाही, प्रत्येक सिलिंडर कुठं आहे ते मोटरच्या एन्कोडरवरनं मिलिमीटरमधी कळतं, पुढं मागं कॉम्प्युटरनं आपोआप खंदक खणायचा झाला तर हेच लागणार.

उद्यमबाग_फिटर (बेळगाव)

गडहिंग्लजकरांनी मातीचं जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच असं आकड्यात वाचलं, पटलं. डिस्क स्प्रिंगचा इलाज पण बरोबर आहे, प्रेसवर आम्ही तेच वापरतो.

खरं एक गोष्ट तुम्ही सगळे विसरायलाय. बूमला सिलिंडर दोन असतात. हायड्रॉलिकमधी दोन्हींना एकाच नळीतनं फाटा दिला की प्रेशर दोन्हीकडं सारखं, एक जरा घट्ट, एक जरा सैल असला तरी जोर आपोआप वाटून घेतला जातो. स्क्रूमधी दोन मोटरी, दोन्हींचा स्पीड कधीच तंतोतंत एक नसतो, एक अर्धा मिमी पुढं गेला की बूमच्या बुडाला पीळ बसतो, आणि २ मिमी लीडचा स्क्रू लॉक होणारा असल्यामुळं मागचा पुढच्याला सोडत पण नाही. दोघं एकमेकाशी भांडत राहतात आणि करंट वाढत जातो. म्हणूनच बरेच मॉडेलवाले एक सिलिंडर खरा आणि एक नुसता दाखवायला ठेवतात. लालमातीच्या १२ किलोच्या मशीनमधी एकाच बाजूनं उचललं तर बूमची पिन तिरकी झिजणार.

दुसरं, दोन लिव्हर एकदम ओढल्या की ज्या सिलिंडरवर ओझं कमी तिकडं तेल आधी जातं. जुन्या मशीनवर ऑपरेटर हात कसा बसवतो ते ज्यानं बघितलंय त्याला हे कळेल. पोरं त्या मशीनवर हात बसवणं शिकतील. स्क्रूवर प्रत्येक मोटर आपापल्या तालात चालते.

कपाटावर बूम खाली बसतो हे निपाणीकरांचं बरोबर आहे. त्याला पायलट चेक व्हॉल्व्ह (लिव्हर ओढेपर्यंत तेल परत न सोडणारा) बसवता येतो, आणि तसं पण मशीन बंद करताना बकेट जमिनीला टेकवून ठेवायची ही खऱ्या ऑपरेटरची सवयच असते. आणि पिचकारीचं म्हणाल तर नळ्या बूमच्या आतनं घ्या, बाहेर फक्त सिलिंडरजवळचा तुकडा, त्यावर स्प्रिंगचं कव्हर.

गडहिंग्लज_लेथ (गडहिंग्लज)

दोन बूम सिलिंडरचा मुद्दा शंभर टक्के मान्य. स्क्रूमधी त्याला एकच धड मार्ग आहे, मोटर सिलिंडरमधी ठेवायचीच नाही. दोन्ही सिलिंडरच्या बुडाची पिन ज्या रेषेत आहे त्याच रेषेत एक आडवा शाफ्ट घ्यायचा, त्याला वरच्या बॉडीतनं एक मोटर, शाफ्टच्या दोन्ही टोकाला बेव्हल गिअर आणि तिथनं दोन्ही स्क्रू. सिलिंडर त्याच रेषेभोवती झुलतो म्हणून गिअरची जोडी सुटत नाही, आणि दोन्ही स्क्रू एकाच शाफ्टवर बांधलेले असल्यानं भांडण नाही. रॉडच्या टोकाचा डोळा आट्यावर बसवायचा म्हणजे जोडताना दोन्हींची लांबी फिरवून सारखी करता येते. मस्त काम होतं, खरं बेव्हलची जागा, बुश, शिम, सगळं हातानं बसवायला लई वेळ जातो आणि दिवाळी जवळ आहे. एवढी मेहनत घेणार असशील तर हायड्रॉलिकची मेहनत त्याच्यापेक्षा जास्त नाही असं माझं पण म्हणणं.

लालमाती (खानापूर)

सगळ्यांचे वाचून काल रात्री बूम हातात घेऊन बसलो आणि ठरवलं. बूम, आर्म, बकेट तिन्ही हायड्रॉलिक, १२ मिमी बोअर, ३० बारच्या वर जाणार नाही. स्विंग आणि ट्रॅक इलेक्ट्रिकच आहेत, तसेच ठेवतो, म्हणजे मधल्या बेअरिंगमधनं तेल न्यायची भानगड नाही. दोन बूम सिलिंडर सारखे चालणं आणि खड्याला रिलीफ उघडणं ह्या दोन गोष्टींनी ठरवायला लावलं. समोरच्या माती ढकलायच्या ब्लेडला मात्र निपाणीकर म्हणतात तसा २ मिमीचा स्क्रू घालतो, ब्लेड खाली दाबून धरायचं काम असतं, तिथं लॉक होणाराच बरा, आणि ते खालच्या चेसिसवर असल्यानं तिथवर तेल न्यायला नको. दात पाचाचे तीन करतो.

फिटर दादा, दोन गोष्टी सांगा. आमची लाल माती पिठासारखी बारीक, रॉडला चिकटून आत जाणार, तिला कसं अडवायचं? आणि तेल पहिल्यांदा भरताना हवा कशी काढायची?

उद्यमबाग_फिटर (बेळगाव)

रॉडच्या तोंडाला सीलच्या बाहेर वेगळा वायपर पाहिजे, ओठ बाहेरच्या बाजूला तोंड केलेला, सीलचं काम वायपरवर सोपवायचं नाही आणि वायपरचं सीलवर. ६ मिमी रॉडला तयार वायपर मिळाला नाही तर टेफ्लॉनची चकती टर्न करून घे, आतल्या भोकाला धार ठेव, मागं पातळ ओ-रिंग म्हणजे ती दाबून धरते. रॉड हार्ड क्रोमच कर, नुसता स्टेनलेस रॉड ह्या मातीत घासून उभ्या रेघा पडतात आणि एकदा रेघ पडली की सील कितीबी बदला, गळणारच. काम झाल्यावर रॉड सगळे आत घेऊन ठेव, बाहेर उघडा जेवढा कमी तेवढं बरं, आणि ओल्या फडक्यानं नको, थोडं तेच तेल लावलेल्या फडक्यानं पुसायचं.

हवा काढायला सिलिंडर रिकामे जोडू नको, सिरिंजनं दोन्ही पोर्टमधी तेल भरून मगच नळी आवळ. मग रिलीफचा स्क्रू पूर्ण सैल कर, पंप हळू चालव, प्रेशर १० बारच्या आत. प्रत्येक सिलिंडर टोकापासनं टोकापर्यंत सावकाश ने-आण कर, पोर्ट वरच्या बाजूला येईल असा धरून, म्हणजे बुडबुडे आपोआप टँककडं जातात. टँकमधी फेस दिसत असेल तर थांब, फेस बसू दे, परत चालव. सिलिंडर झटके न मारता एकसारखा सरकायला लागला की हवा गेली. मगच गेज लावून रिलीफ ५-५ बारनं वाढवत ३० वर आण आणि नट लॉक कर. गेज नाही म्हणशील तर उद्यमबागेत ये, बेंचवर लावून देतो, ब्लॉक पण खोलून बघू. येताना बूम घेऊन ये म्हणजे नळ्या आतनं कुठनं घ्यायच्या ते तिथंच मार्क करू.